अकरा वनस्पतींची कॅप्सूल आणि चीनचा पुरावा

नानजिंग : चीनमध्ये हृदयविकाराच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर नेहमीच्या गोळ्यांखाली एखादे पारंपरिक चिनी औषध असणे ही नवलाची गोष्ट नाही. ते लिहून देणारा पुष्कळदा वैद्य नसतो, आधुनिक वैद्यकाचा पदवीधर असतो. दोन्ही वैद्यकांचा विकास करण्याची हमी येथील 1982 च्या राज्यघटनेच्या 21व्या कलमातच आहे. 2017 मध्ये लागू झालेल्या कायद्याने तर प्राचीन ग्रंथांतील ठरावीक औषधपाठांना रुग्णांवरील चाचण्यांतून सूट मिळण्याची वाट करून दिली. राज्यसत्ता एवढी पाठीशी असताना पुरावा गोळा करण्याच्या भानगडीत कोण पडेल? म्हणूनच अशाच एका औषधाच्या ‘क्वेस्ट’ या चाचणीकडे नीट पाहायला हवे. परंपरेचा विजय म्हणून तिचा गाजावाजा झाला, पण माझ्या मते तिचे मोल वेगळ्याच ठिकाणी आहे : पारंपरिक औषधाने येथे आधुनिक औषधाची जागा मागितली नाही, त्याच्या जोडीला बसून परीक्षा दिली.

औषधाचे नाव छिलीछ्यांगशिन. चार-चार कॅप्सूल दिवसातून तीन वेळा, म्हणजे रोजच्या बारा. आत अकरा वनस्पती, त्यांत जिनसेंग, दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवलेली साल, आपल्या सोलापूरकडच्या शेतकऱ्याला चांगली ठाऊक असलेली करडईची फुले आणि शुद्ध केलेले बचनागाच्या जातीचे मूळ. नानजिंग वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयातील ली शिनली यांच्या नेतृत्वाखाली मुख्य भूमी चीन आणि हाँगकाँगमधल्या 133 रुग्णालयांतून 3,110 रुग्ण घेतले गेले. सर्वांच्या हृदयाचे पंपिंग, म्हणजे प्रत्येक ठोक्याला बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण, 40 टक्के किंवा त्याहून कमी होते आणि सर्वांची नेहमीची औषधे चालूच राहिली. निम्म्यांना कॅप्सूल, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी निरौषधी कॅप्सूल. सुमारे दीड वर्षाच्या पाठपुराव्यात आजार बळावून रुग्णालयात भरती होणे किंवा हृदयविकाराने मृत्यू येणे, यांपैकी काहीतरी निरौषधी गटात 30 टक्क्यांच्या घरात घडले, औषध घेणाऱ्यांत 25 टक्क्यांच्या. म्हणजे साधारण वीस जणांनी औषध घेतले तर एकाचे संकट टळले. निष्कर्ष 2023 मध्ये ॲमस्टरडॅमच्या युरोपीय हृदयरोग परिषदेत मांडले गेले आणि पुढच्या वर्षी ‘नेचर मेडिसिन’मध्ये छापून आले.

आता शंका. औषध बनवणाऱ्या कंपनीचाही पैसा चाचणीत होता. हा आक्षेप खरा आहे, पण तोच निकष लावला तर हृदयाच्या निम्म्या आधुनिक गोळ्याही बाद होतील. त्याहून टोकदार आक्षेप आकड्यांतच आहे. एकूण मृत्यू कमी झालेले दिसतात, पण तो फरक योगायोग नव्हेच असे ठामपणे म्हणता येत नाही. मुख्य लाभ भरती टळण्याचा आहे. शिवाय रुग्ण 2019-20 मध्ये घेतले गेले. मधुमेहासाठी निघालेली आणि आता हृदयासाठीही सर्रास दिली जाणारी ग्लिफ्लोझिन गटाची औषधे तेव्हा थोड्याच जणांना मिळत होती. आजच्या पूर्ण उपचारावर ही कॅप्सूल किती भर घालेल, याचे उत्तर ‘क्वेस्ट’मध्ये नाही.

सर्वांत रंजक आक्षेप औषधाच्या पोटातूनच येतो. अकरांपैकी दुसऱ्याच एका वनस्पतीच्या सालीत पेरिप्लोसिन हे द्रव्य असते आणि ते डिगॉक्सिन या हृदयावरच्या जुन्या औषधाच्याच कुळातले आहे. मग हा सारा प्रताप डिगॉक्सिनच्या चुलतभावाचा तर नव्हे? डिगॉक्सिननेही 1997 च्या मोठ्या चाचणीत भरती कमी केली होती, एकूण मृत्यू नव्हे. हे साम्य डोळ्यांत भरते. समर्थक म्हणतात, अकरा द्रव्ये मिळून काम करतात, त्यांना सुटे करू नका. हे मला पटत नाही. डिगॉक्सिनचे मूळ असलेल्या डिजिटॅलिस या वनस्पतीवर विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने 1785 मध्ये पुस्तक लिहिले, त्याआधी त्याच्याही हाती गावठी औषधाचा वीसेक वनस्पतींचा पाठ आला होता. काम करणारी वनस्पती त्याने वेगळी ओळखली, म्हणून मात्रा ठरवता आली. डिगॉक्सिनमध्ये गुणकारी आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. काय काम करते हे कळल्याशिवाय काय बाधेल हे कळत नाही.

तरीही या चाचणीची बरोबरी करणारे आपल्याकडे काय आहे? अर्जुनसालीवर इंदूरच्या डॉक्टरांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेला, वारंवार उद्धृत होणारा अभ्यास 12 रुग्णांचा होता. अर्जुनसाल निरुपयोगी आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही, तशी ती गुणकारी आहे असेही होत नाही. चीनकडून घ्यायचेच तर कॅप्सूल नव्हे, चाचणीची ही शिस्त घ्यावी. आणि घरात पंपिंग कमी झालेला रुग्ण असेल, तर परदेशी औषध परस्पर मागवू नका, चालू गोळ्या थांबवू नका आणि जो काढा किंवा चूर्ण पोटात जात असेल, त्याचे नाव हृदयरोगतज्ज्ञाला न लाजता सांगा.