दूध सोडलं, तर कॅल्शियमचं काय?

आरोग्यासाठी दूध सोडायचं म्हटलं की दोन टोकांची मतं कानावर येतात. दूध नसेल तर हाडं ठिसूळ होणार, हे एक. आणि दुधानेच हाडं झिजतात, हे दुसरं. पुरावा दोन्हींच्या बाजूने नाही. अमेरिकेतल्या हजारो परिचारिकांचा बारा वर्षं पाठपुरावा करून १९९७ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जास्त दूध पिणाऱ्या स्त्रियांची हाडं मोडण्याचं प्रमाण कमी आढळलं नाही. पण त्यावरून दूध हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं असाही निष्कर्ष निघत नाही. दुधातल्या प्रथिनांमुळे शरीरात आम्ल वाढतं आणि त्याची भरपाई हाडांतून होते, ही कल्पना पुढच्या संशोधनात टिकली नाही. दुधावाचून हाडं मजबूत राहू शकतात. मात्र दुधाची जागा नेमकी किती आणि कशाने भरायची, याचा हिशेब करावा लागतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांची रोजची कॅल्शियमची शिफारस ६०० वरून १००० मिलिग्रॅम केली. गायीच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. म्हणजे रोज अर्धा लिटर दूध पिणाऱ्याने ते सोडलं तर ६०० मिलिग्रॅमचा खड्डा पडतो; चहापुरतंच दूध घेणाऱ्याचं फारसं काही जात नाही, पण त्याचा हिशेब आधीपासूनच तुटीत असण्याची शक्यता असते.

ही तूट रक्ततपासणीत दिसेल, असं अनेकांना वाटतं. ती दिसत नाही. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, आणि रक्तातली पातळी जरा उतरली की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम काढून ती सावरते. म्हणून अहवालात आकडा ‘नॉर्मल’ आला, तरी आहारात कॅल्शियम पुरेसं आहे असं त्यावरून म्हणता येत नाही.

दूध सोडण्याची जी कारणं सांगितली जातात, त्यातली काही मुळातच तपासून घ्यायला हवीत. मूतखडा झाला म्हणून दूध-दही बंद करणारे पुष्कळ आहेत. इटलीतल्या संशोधकांनी वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षं प्रयोग केला आणि २००२ साली निष्कर्ष मांडले. कमी कॅल्शियमच्या आहारावर असलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीएवढं ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या ६० जणांत तो १२ जणांनाच झाला. कारण असं की जेवणातलं कॅल्शियम खडा बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. कॅल्शियम कमी पडलं की तेच ऑक्झलेट मोकळं होऊन मूत्रपिंडाकडे जातं. दूध प्यायल्यावर पोट फुगणं, गुडगुडणं याचं कारण बहुधा लॅक्टोज ही साखर न पचणं हे असतं. मोठेपणी ती पचवण्याची क्षमता जगातल्या बहुसंख्य माणसांत कमी होते. अशा माणसांना दही आणि ताक बहुधा चालतं, कारण विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच फोडतात. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी ही मात्र वेगळी गोष्ट; तिथे ताकही वर्ज्यच. आणि दूध सोडलं तरी तूप खातो, त्यातून कॅल्शियम मिळतं, असं कुणी म्हणत असेल तर तो निव्वळ गैरसमज आहे. लोणी कढवून तूप होतं तेव्हा त्यात स्निग्धांशच उरतो, कॅल्शियम जवळपास नसतंच.

आता पर्यायांकडे. तिळात दुधाच्या दहापट कॅल्शियम, पालक म्हणजे कॅल्शियमची खाण, अशा याद्या मोबाइलवर फिरत असतात. त्यांतला दोष असा की पदार्थात किती आहे एवढंच त्या सांगतात, आतड्यातून रक्तात किती उतरतं हे सांगत नाहीत. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दुधातलं सुमारे २७ टक्के कॅल्शियम शोषलं गेलं, पालकातलं जेमतेम ५ टक्के. बाकीचं ऑक्झलेटने बांधून ठेवलं होतं. तिळाचंही तेच. १०० ग्रॅम तिळात १२०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम भरतं खरं, पण ते मुख्यतः सालात आणि बरंचसं ऑक्झलेटशी बांधलेलं असतं. पॉलिशच्या पांढऱ्याशुभ्र तिळात तर सालच नसतं. संक्रांतीचे लाडू आवडीने खावेत, पण दुधाची भरपाई त्यांच्यावर सोपवू नये. नाचणीचा दावा मात्र भक्कम आहे. १०० ग्रॅम पिठात, म्हणजे दोनेक भाकऱ्यांत, साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तिच्यातलं फायटेट शोषणाला आड येतं, पण मोड आणले किंवा आंबील करताना पीठ आंबवलं की ते कमी होतं. सत्त्व करताना कापडातून गाळून चोथा टाकला, तर सालाबरोबर कॅल्शियमही जातं, म्हणून पीठ सालासकट वापरावं. मुळ्याचा पाला आपण बाजारातच मोडून टाकायला सांगतो. त्यात १०० ग्रॅममागे दोनशेहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम आहे आणि मुळा, मोहरी, कोबी या कुळातल्या पाल्यांत ऑक्झलेट कमी असतं. कुळथाचं पिठलं, कॅल्शियमच्या क्षाराने गोठवलेला टोफू आणि मासे खाणाऱ्यांसाठी काट्यासकट चावून खायची मांदेली किंवा सुकट, हे सगळं हिशेबात धरण्याजोगं. घरी केलेलं बदामाचं दूध मात्र धरू नये. दहा बदामांत तीसेक मिलिग्रॅमच कॅल्शियम असतं. विकतच्या डब्यात ते वरून घातलेलं असतं, तेव्हा वेष्टनावरचा आकडा वाचावा आणि डबा हलवून घ्यावा, कारण ते तळाशी बसतं.

पूर्वी खेड्यापाड्यांत कुणाला रोज दूध मिळत होतं, मग त्यांची हाडं कशी टिकली, असा आक्षेप येतो. आक्षेप रास्त आहे आणि उत्तर त्यांच्या दिवसातच आहे. नाचणी रोजची होती, मासळी काट्यासकट होती, अंगमेहनत होती आणि ती उन्हात होती. ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसं असेल तर आहारातलं ३० ते ४० टक्के कॅल्शियम शोषलं जातं, नसेल तर १०-१५ टक्केच. सकाळी ऑफिसात शिरून अंधार पडल्यावर बाहेर पडणाऱ्याने त्यांची फक्त भाकरी उचलली, तर हिशेब जुळणार नाही.

सगळ्यात मोठी चूक कॅल्शियमच्या बाबतीत होतच नाही. शाकाहारी घरात बी-१२ जीवनसत्त्वाचा जवळपास एकमेव स्रोत दूध-दही हाच असतो. नाचणीत, तिळात, पालेभाजीत ते नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत, दूध सोडलेलं नसतानाही, लोकांत बी-१२ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली आहे. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे दूध सोडल्यावर लगेच काहीच जाणवत नाही. त्यातच पालेभाज्या वाढवल्या की त्यांतल्या फोलेटमुळे रक्तक्षय झाकला जातो आणि नसांची हानी आतल्या आत चालू राहते. हातापायांना मुंग्या येऊ लागतात तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून शाकाहारी माणसाने दूध बंद करतानाच बी-१२ तपासून घ्यावं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी त्याच आठवड्यात सुरू करावी.