जीपची बॉडी उतरवताना हाताला लागले तर...

महिंद्रच्या जीप आपल्याकडे १९४७ च्या सुमारास आल्या आणि पुढे शेताच्या बांधापर्यंत पोचल्या. अशी एखादी जुनी जीप जळोचीतल्या शेडमध्ये पडून असते आणि घरातला मुलगा ती नव्याने बांधायला काढतो. हौस चांगली आहे. मात्र बॉडी चासीवरून उतरवण्याच्या कामात हात हमखास सोलवटतात, आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही.

बॉडी चासीला बोल्टने बसवलेली असते, मध्ये रबराचे पॅकिंग असते. वर्षानुवर्षे गंजलेला बोल्ट सहजासहजी सुटत नाही. पाना निसटतो, बोटांची पेरे पत्र्यावर आपटतात, तुटक्या पत्र्याचे टोक तळहातात घुसते. 'गंज लागला की धनुर्वात होतो' असे आपण लहानपणापासून ऐकतो. खरे तर गंजाचा यात दोष नाही. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात. शेतात फिरलेल्या जीपच्या बॉडीखाली हीच माती, हेच शेण थापून वाळलेले असते. जखम खोल आणि तोंडाशी बारीक असली की आत हवा पोचत नाही, तिथे हे जंतू वाढतात. म्हणून मोठ्या, भळभळणाऱ्या जखमेपेक्षा खिळ्याएवढे भोक कधी कधी जास्त घातक ठरते.

लागल्यावर काय करावे? पेट्रोलने हात धुऊ नयेत. जखमेवर ग्रीस, हळद किंवा चुना भरू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पाच-दहा मिनिटे धुवावे आणि दवाखाना गाठावा. मळलेली जखम असेल आणि शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षे होऊन गेली असतील, तर पुन्हा घ्यावे लागते. पूर्वीच्या 'टीटी'च्या जागी आता 'टीडी' देतात. लहानपणीचे डोस पूर्ण झाले नसतील किंवा आठवतच नसतील, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. अशा वेळी लशीबरोबर आणखी एक इंजेक्शन लागू शकते. घरातल्या बाईला गरोदरपणात ही लस मिळालेली असते. पुरुषाला मात्र शेवटची कधी टोचली हे बहुधा सांगता येत नाही!

'चोवीस तास उलटले, आता काय उपयोग' म्हणून घरी बसू नये. हा आजार साधारण ३ ते २१ दिवसांत दिसतो, त्यामुळे उशिरा गेलेलेही बरे. जबडा आखडला, तोंड उघडेना, घास गिळता येईना किंवा मान ताठ झाली, तर वाट न पाहता थेट मोठे रुग्णालय गाठावे.

आणखी दोन गोष्टी. या जुन्या जीपमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती बाहेर काढल्याशिवाय गॅस कटर पेटवू नये. आणि बॉडी नुसत्या जॅकवर उचललेली असताना खाली शिरू नये. भक्कम घोडी लावून, ती हलत नाही हे पाहूनच हात आत घालावा.