एक इंग्रजी क्रियापद आणि अरबीतल्या दोन वाटा

आज एकच क्रियापद घेऊ. इंग्रजीतलं 'नो'. 'नाही' या अर्थाचा नो नव्हे हं, ज्याच्या स्पेलिंगमध्ये पुढे मुका 'के' बसलेला असतो तो. हा 'के' पूर्वी मुका नव्हता. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचं रूप 'क्नावान' असं होतं, आणि आपल्या संस्कृतमधल्या 'ज्ञा' धातूशी त्याचं सख्खं नातं आहे.

आता तीन वाक्यं बघा. 'मी त्या बाईंना ओळखतो.' 'कैरो ही इजिप्तची राजधानी आहे हे मला माहीत आहे.' 'मला पोहता येतं.' मराठीत तीन वेगळ्या रचना झाल्या. इंग्रजी मात्र तिन्ही ठिकाणी 'नो' वापरू शकते, तिसऱ्या वाक्यात फक्त 'हाउ टू' जोडायचं. म्हणजे व्यक्तीचा परिचय, एखादी वस्तुस्थिती आणि अंगातलं कौशल्य या तीन गोष्टी एकाच शब्दाच्या पोटात गेल्या. पाश्चात्त्य तत्त्वज्ञांना त्या पुन्हा वेगळ्या करायला बरीच मेहनत घ्यावी लागली. बर्ट्रांड रसेल यांनी 1912 च्या पुस्तकात परिचयातून होणारं ज्ञान आणि वर्णनातून होणारं ज्ञान यांत भेद केला. गिल्बर्ट राइल यांनी 1949 मध्ये 'अमुक आहे हे कळणं' आणि 'अमुक कसं करायचं ते येणं' यांतला फरक मांडला.

अरबी भाषांतरकाराला हा प्रश्न पहिल्याच पावलावर भेटतो. त्याच्यापुढे मुख्यतः दोन क्रियापदं असतात, 'अरफ' आणि 'अलिम'. अरबी शब्दकोशांच्या प्रथेप्रमाणे ही भूतकाळी रूपं आहेत: 'त्याने ओळखलं', 'त्याने जाणलं'. अरबी व्याकरणकारांनी यांतला फरक छान टिपला आहे. 'अरफ'ला एकच कर्म पुरतं: मी झैदला ओळखलं. 'अलिम' जाणण्याच्या अर्थाने आलं की दोन कर्मं घेतं: मी झैदला उदार जाणलं, म्हणजे झैद उदार आहे हे मला कळलं. पहिल्यात वस्तू समोर आहे. दुसऱ्यात वस्तूविषयी एक विधान आहे, आणि विधान खरं किंवा खोटं असू शकतं. आजच्या बोलण्यात 'अरफ' दोन्हीकडे सर्रास चालतं, हेही सांगायला हवं. 'मला पोहता येतं' हेसुद्धा त्याच क्रियापदाने सांगता येतं.

या दोन्ही धातूंची लेकरं फारसीच्या वाटेने आपल्या घरात आली आहेत. 'अलिम'च्या धातूपासून तालीम आणि मालूम. 'अरफ'च्या धातूपासून तारीफ आणि मारफत. अरबीत 'तालीम' म्हणजे शिकवणं. आपण तिला लाल मातीच्या आखाड्यात नेलं, नाटकाच्या सरावालाही तेच नाव दिलं. अरबीत 'मारिफा' म्हणजे ओळख, ज्ञान. आपण कुणाच्या तरी मारफत काम करून घेतो!

तुम्ही म्हणाल, हा शब्दांचा खेळ झाला, यात अडतं कुठे? न्यायालयात अडतं. साक्षीदाराला इंग्रजीत विचारलं, 'तुम्ही या माणसाला नो करता का?' दुभाष्याने 'अरफ' वापरलं, तर साक्षीदाराला दोन अर्थ लागू शकतात. या माणसाशी तुमचा परिचय आहे का? की हा कोण आहे ते तुम्हाला सांगता येतं का? मराठीतल्या 'ओळखता का?' मध्येही हीच अडचण आहे. घटनेच्या रात्री ज्याचा चेहरा क्षणभर दिसला, तो माणूस ओळखू येईल, पण त्याची ओळख असेलच असं नाही. साक्षीदार नुसतं 'हो' म्हणाला, तर कागदावर काय उतरेल? म्हणून जाणकार दुभाषी ओळख पटवण्यासाठी त्याच धातूचं वेगळं रूप वापरतो, 'तअर्रफ अला'. एखाद्या माणसाची सुटका किंवा शिक्षा अशा निवडीवर हेलकावे खाऊ शकते.

आणि न्यायालयाबाहेरही हेच आहे. एखाद्याचं गाव, जात, नोकरी, पगार कळला की आपण म्हणतो, 'मी त्याला चांगला ओळखतो.' खरं तर आपल्याकडे त्याच्याविषयीची विधानं असतात, परिचय नसतो. 'अलिम'च्या भांडवलावर आपण 'अरफ'चा दावा करतो. बरेचसे पूर्वग्रह इथेच जन्मतात. उलटही होतं. वर्षानुवर्षं शेजारी राहिलेल्या माणसाचा परिचय असतो, पण त्याच्या दुखण्याचा पत्ताच नसतो.

तेव्हा 'नो'चं भाषांतर करताना आधी स्वतःला विचारावं: इथे माणूस समोर आहे, विधान आहे, की हातातलं कसब? उत्तर मिळालं की शब्द आपोआप सापडतो.

जाता जाता एक गोष्ट. जुने अरबी विद्वान आपलं मत मांडून झालं की शेवटी 'वल्लाहु आलम' असं लिहीत, म्हणजे 'अधिक ईश्वर जाणे'. आपलं 'देव जाणे' बऱ्याचदा खांदे उडवून म्हटलेलं असतं. त्यांचं मात्र पूर्ण युक्तिवाद करून झाल्यावर येतं. जाणण्याविषयी बोलताना तो क्रम आपणही पाळावा, असं मला वाटतं.