माळ्यावरची साठ वर्षे: ऑर्गनवादक ऑलिव्हिए मेसियाँ

उपासनेच्या वेळी भाविकांची दृष्टी वेदीकडे असते. ऑर्गन वाजविणारा मात्र बहुधा त्यांच्या पाठीमागे, माळ्यावर बसलेला असतो. त्याचे सूर कानी येतात, चेहरा दिसत नाही. विसाव्या शतकातील एका थोर संगीतकाराने अशा जागेवर साठ वर्षांहून अधिक काळ सेवा केली. ऑलिव्हिए मेसियाँ हे त्यांचे नाव. त्यांच्या रचनांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; येथे आपण त्यांच्यातील वादकाचा परिचय करून घेऊ या.

मेसियाँ यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी फ्रान्समधील आव्हिन्याँ येथे झाला. १९१९ साली त्यांनी पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे मार्सेल द्युप्रे या नामवंत वादकाकडे ते ऑर्गन शिकले. १९३१ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, पॅरिसमधील पवित्र त्रैक्याच्या चर्चमध्ये त्यांची ऑर्गनवादक म्हणून नेमणूक झाली. कावाये-कोल या विख्यात कारागिराने घडविलेला तेथील ऑर्गन पुढे आयुष्यभर त्यांचा सोबती झाला. हातांनी वाजवावयाच्या पट्ट्यांच्या तीन रांगा आणि पायांनी दाबावयाच्या पट्ट्यांची आणखी एक रांग, असे हे भव्य वाद्य आहे.

उपासनेतील वादन आणि मैफलीतील वादन यांत मोठा फरक आहे. मैफलीत श्रोते वादकासाठी थांबतात. मिस्सामध्ये वादकाला वेदीकडे लक्ष ठेवावे लागते. अर्पणविधी संपला की सूरही संपले पाहिजेत. मेसियाँ यांनी ही शिस्त मनापासून स्वीकारली. रविवारच्या मुख्य मिस्सामध्ये ते ग्रेगोरियन गायनावर आधारलेले संगीत वाजवीत, अकरा वाजताच्या मिस्सामध्ये जुन्या आचार्यांच्या रचना, तर दुपारच्या मिस्सामध्ये स्वतःच्या रचना. सायंप्रार्थनेत स्तोत्रांच्या मधल्या जागा ते उत्स्फूर्त वादनाने भरून काढीत.

त्यांचे नवे स्वरमेळ सर्वांनाच रुचत होते असे नाही. काही भाविकांना ते कर्कश वाटत व तशा तक्रारीही होत. मात्र नेमणुकीपूर्वीच मेसियाँ यांनी प्रमुख धर्मगुरूंना लेखी आश्वासन दिले होते की, आपल्या वादनाने भाविकांच्या भक्तीत व्यत्यय येऊ देणार नाही. मग कलावंताने स्वतःची प्रतिभा गुंडाळून ठेवावी काय? मेसियाँ यांनी तसेही केले नाही. परंपरेला तिचा मान दिला आणि नवतेसाठी दिवसातील एक वेळ राखून ठेवली. आम्हांला वाटते, आपल्या धर्मग्रामांतील गायनवृंदांनी मनन करावे असा हा समतोल आहे.

याच माळ्यावर त्यांच्या रचनांना अंकुर फुटले. अनेक वर्षांच्या उत्स्फूर्त वादनातून १९५० साली पेंटेकॉस्टच्या मिस्सासाठी त्यांची ऑर्गनरचना साकारली. प्रवेश, अर्पण, समर्पण, ख्रिस्तप्रसाद आणि निर्गमन असे तिचे पाच भाग मिस्साच्या क्रमाप्रमाणेच आहेत.

दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या हाती सापडले. गोर्लिट्झ येथील युद्धकैद्यांच्या छावणीत १५ जानेवारी १९४१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, त्यांनी काळाच्या अंताविषयीची आपली चौघांसाठीची रचना सादर केली. व्हायोलिन, चेलो व क्लॅरिनेट वाजविणारे तिघे त्यांचे सहबंदी होते. पियानोवर स्वतः मेसियाँ होते आणि त्या जुन्या पियानोच्या पट्ट्या धड वर येत नव्हत्या. प्रकटीकरणाच्या पुस्तकातून स्फुरलेली ती आशा कैद्यांनी व पहारेकऱ्यांनी एकत्र बसून ऐकली.

मराठी वाचकांना आणखी एक धागा जवळचा वाटेल. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचला. त्यातील १२० देशी तालांची यादी मेसियाँ यांना एका फ्रेंच संगीतकोशात सापडली. प्रभूच्या जन्मावरील १९३५ सालच्या नऊ ऑर्गन-चिंतनांत त्यांनी त्यांतील काही तालांचा उपयोग केला. अशा रीतीने आपल्या मातीत नोंदले गेलेले ताल पॅरिसच्या चर्चमध्ये नाताळच्या गूढाचे वर्णन करू लागले.

कीर्ती जगभर पसरली, देशोदेशीचे विद्यार्थी त्यांच्याकडे शिकावयास आले, तरीही त्यांनी माळ्यावरची जागा सोडली नाही. १९६७ साली त्याच चर्चमध्ये त्रैक्याच्या गूढावर त्यांनी उत्स्फूर्त वादन केले. त्यातून १९६९ साली नऊ चिंतने सिद्ध झाली. २७ एप्रिल १९९२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते त्या चर्चचे ऑर्गनवादक होते.

पुढील रविवारी मिस्सा संपल्यावर क्षणभर मागे वळून माळ्याकडे पाहावे. तेथेही कोणीतरी आपली सेवा अर्पण करीत असते.