गाठ गेली, आता हृदयाकडे बघू

आज आम्ही बोलणार आहोत साठी ओलांडलेल्या मावश्या-काकूंशी, ज्यांचे स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पुरे झाले आहेत. सुना-लेकींनीही ऐकावं, कारण ‘तुम्ही बसा, काही करू नका’ असं म्हणणाऱ्या बहुतेकदा त्याच असतात. त्यात माया असते, पण तिच्यामुळे नुकसान होतं.

गटाच्या बैठकीत या बायकांची एकच भीती आमच्या कानावर येते, गाठ परत येईल का? भीती खरी आहे, तपासण्या चालू ठेवायच्याच. पण गाठ लवकर सापडून बऱ्या झालेल्या बाईला या वयात हृदयविकाराचा धोकाही तेवढाच मोठा असू शकतो. त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

केमोमधलं ते लाल रंगाचं औषध, डॉक्सोरुबिसिन, हृदयाचा स्नायू दुबळा करू शकतं, कधी कधी हे काही वर्षांनी कळतं. ट्रास्टुझुमॅबच्या इंजेक्शनांनीही हृदयाचा पंप मंदावू शकतो. तो बहुधा औषध थांबल्यावर सावरतो. गाठ डावीकडे असेल आणि रेडिएशन घेतलं असेल, तर हृदय त्या किरणांच्या जवळ येतं. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. पण त्यात बीपी, शुगर, वाढलेलं वजन आणि उपचारानंतर बसून काढलेली वर्षं मिळाली, की भार वाढतो. घेतलेली औषधं काही परत करता येत नाहीत. बसणं मात्र सोडता येतं.

‘आम्ही दिवसभर राबतोच की!’ हे उत्तर ठरलेलं. राबता, खरंच. पण ओट्यापाशी उभं राहून हृदयाला पुरेसं काम मिळत नाही, झपझप चालण्यानं मिळतं. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस 30 मिनिटं. पहिल्याच दिवशी एवढं नको. पाच मिनिटांनी सुरुवात करा, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. सकाळी दहा, संध्याकाळी दहा असं तुकड्यांत केलं तरी चालतं. आठवड्यातून दोनदा हात न टेकता खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, जमेल तितक्या वेळा. खुर्ची भिंतीला लावून ठेवा म्हणजे सरकणार नाही.

आता हाताचं. ऑपरेशन झालेल्या बाजूनं आयुष्यभर काही उचलायचं नाही, असं अनेकींच्या डोक्यात बसलंय. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी हाताला सूज असलेल्या 141 बायकांचा वर्षभर अभ्यास केला, तो 2009 मध्ये छापून आला. शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, हाताला घट्ट बाही घालून, हळूहळू वजन वाढवत नेलेल्या बायकांची सूज इतरांपेक्षा जास्त वाढली नाही. उलट सूज भडकण्याचे प्रसंग कमी झाले. म्हणून उद्याच भरलेली घागर उचलू नका! डॉक्टरांना विचारून अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीनं सुरू करा. हात जड वाटला किंवा बांगडी घट्ट झाली, तर थांबा आणि दाखवा.

सुरू करण्याआधी जुनी फाईल घेऊन डॉक्टरांकडे जा. ती माळ्यावर टाकू नका. कुठलं औषध किती दिलं ते तिच्यातच आहे. बीपी, शुगर तपासून घ्या आणि ‘माझ्या हृदयाची टूडी एको करायला हवी का?’ असं स्पष्ट विचारा. चालताना छातीत दाब, जबडा किंवा पाठ दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप असं काही झालं तर लगेच बसा आणि बसूनही थांबलं नाही तर 108 ला फोन करा. ‘गॅस असेल’ म्हणून वाट बघू नका. पाय सुजले किंवा रात्री आडवं झाल्यावर दम लागला, तरी डॉक्टरांना सांगायचं.

आणखी एक गोष्ट, जी बायका हळू आवाजात सांगतात. एक बाजू सपाट दिसते म्हणून बाहेर पडायची लाज वाटते. आमच्या गटातल्या शिवणाऱ्या बायका सुती कापडाची घडी ब्लाउजच्या आतून शिवून देतात, ती धुता येते. एकटीला संकोच वाटत असेल तर शेजारणीला सोबत घ्या. शाळा भरायच्या आधी मैदान मोकळं असतं, जमीन सपाट आणि ऊनही कोवळं.