नारायणरावांचा पदर

एका मुलाला नीट ऐकू येत नव्हतं. गायचा मात्र असा, की दहा-अकरा वर्षांच्या त्या पोराला ऐकून लोकमान्य टिळकांच्या तोंडून 'बालगंधर्व' हा शब्द निघाला, असं सांगतात. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला कानाच्या उपचारासाठी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात धाडलं. कान ठीक करायला गेलेला मुलगा मिरजेतच रंगभूमीच्या हाती लागला. गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेल्यापासून किर्लोस्कर नाटक मंडळी त्यांच्या तोडीचा गळा शोधत होती. १९०५ मध्ये मिरजेला पडदा उघडला आणि सतरा वर्षांचा नारायण श्रीपाद राजहंस शकुंतला होऊन उभा राहिला.

पुरुषाने शकुंतला करायची याचं तेव्हा कुणालाच काही वाटत नसे. १८८० मध्ये 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं, तेव्हापासून संगीत नाटकातल्या नायिका पुरुषच करत होते. घरंदाज बाईने तोंडाला रंग लावायचा ही कल्पनाच कुणाला मानवली नसती. स्त्रीपार्टी नट हा नाटक कंपनीतला रीतसर हुद्दा होता, जसा पेटीवाला, जसा आचारी. तेव्हा साडी नेसलेला पुरुष ही काही नवलाई नव्हे. नवल पुढे घडलं.

बायका त्याच्याकडून शिकू लागल्या! पदर कसा घ्यायचा, अंबाड्यावर गजरा कुठे माळायचा, नथ कशी शोभते, लाजताना मान किती कलवायची. ज्यांनी जन्मभर लुगडं नेसलं, त्या घरी जाऊन 'नारायणरावांसारखं' नेसून बघू लागल्या. आरशाने आपल्यासारखं दिसावं अशी आपली अपेक्षा असते. इथे माणसंच आरशासारखं दिसायला धडपडत होती.

हे नारायणरावांना साधलं कसं?

पहिला अंदाज असा की आवाज बायकी असणार. पण तबकडी ऐका. खोटा, चिमटीत धरलेला आवाज त्यात कुठेच नाही. गळा पुरुषाचाच आहे, उंच पट्टीतला, गोल, रसाळ. मग बाई दिसते कुठे? ती दिसते शब्दाच्या उच्चारात. नारायणराव गाताना शब्द मोडत नाहीत, गिळत नाहीत. बोलता बोलता वाक्य जरासं लांबतं आणि आपल्याला कळायच्या आत त्याचं गाणं झालेलं असतं. भाषणाचा काठ कुठे संपला आणि पदाचा कुठे सुरू झाला, ते बोट ठेवून दाखवता येत नाही. नाटकात एरवी गाणं आलं की गोष्ट थांबते. इथे 'स्वयंवर' नाटकातली रुक्मिणी गात नसते, ती कृष्णाचा विचार करत असते आणि तो विचार सुरात असतो, एवढंच.

या सहजपणामागे गायक भास्करबुवा बखल्यांची तालीम होती. १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाला बुवांनी रागदारीतल्या बंदिशींवरून चाली दिल्या. जी गोष्ट मैफिलीत तासभर पसरायची, ती पाच-सहा ओळींच्या पदात बसवली. नऊवार पैठणी घडी घालून छोट्या डब्यात ठेवावी तशी. आणि प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' दिला की नारायणराव घडी उलगडायला बसत! एकेक पद अर्धा अर्धा तास चाले. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेकडे झुकलं तरी पिटातला माणूस हलत नसे. ना माईक, ना लाउडस्पीकर. शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवायचा तो छातीच्या बळावर, आणि तोही लाजणाऱ्या मुलीचा.

साथीला कोण, तर तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष. थिरकवांचं नाव आज तबल्याचा कोणताही विद्यार्थी कानाला हात लावून घेतो. ते बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत पगारावर होते! लयीचा खेळ ऐकायचा असेल तर इथेच कान द्या. ठेका आपल्या चालीने समेकडे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे, जातो, नारायणरावांचा शब्द मात्र मागे रेंगाळतो. आता गेली सम, हुकली, असं वाटतं. आणि सुटलेल्या लोकलचा दांडा शेवटच्या क्षणाला धरून एखादा गडी आरामात आत शिरावा, तसा तो शब्द समेवर उतरतो. घाई नाही, धाप नाही. दर वेळी. आपणच श्वास रोखून बसलेले असतो.

एवढा पसारा ७८ आरपीएमच्या तबकडीत बसवायचा म्हणजे केवढी पंचाईत! लाखेची, पडली की फुटणारी ती तबकडी. एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आत सगळं आटपायचं. सुरुवातीच्या काळात तर समोर माईकही नव्हता, कर्ण्यासारखं नळकांडं होतं आणि त्यात तोंड घालून गायचं. आवाजाच्या धक्क्याने सुई थरथरे आणि मेणावर रेघ उमटे. अर्ध्या तासाचं पद साडेतीन मिनिटांत, बंद खोलीत, 'वन्स मोअर' देणारं कुणी नसताना. तरी त्या खरखरीतून ते पोचतात. ही तबकडी लक्षात ठेवा. पुढे सगळं तिच्यावरूनच घडणार आहे.

आणि लोकांचं प्रेम? ते असं कमावलं होतं. १२ मार्च १९११, 'मानापमान'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. बावीस वर्षांचा बाप नायिका भामिनी होऊन उभा राहिला आणि गायला. १९१३ मध्ये गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१९ मध्ये 'एकच प्याला' आलं. ज्या नटाला शालू आणि दागिन्यांत बघायला लोक येत, तो ठिगळं लावलेलं लुगडं नेसून जात्यावर दळायला बसला. दारुड्याची बायको सिंधू. नाटक बघायला आलेल्या, स्वतःच्या घरी रोज दळणाऱ्या बायका त्याला पाहून पदराने डोळे पुसत होत्या. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. केशवराव भोसले नायक धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तिकीट शंभर रुपयांपर्यंत गेलं होतं. १९२१ चे शंभर रुपये!

पैसा आला तसा गेलाही. १९२० च्या 'द्रौपदी'वर त्यांनी हात आखडता न घेता खर्च केला. उंची वस्त्रं, उंची अत्तर, कंपनीत रोज मोठी पंगत. भेटेल त्याला 'देवा' म्हणायचं आणि देवाकडे हिशेब कसा मागायचा? कर्ज वाढलं, ते त्यांनी नाटकं करकरून फेडलं आणि पुन्हा तसाच खर्च केला. मला यात भोळेपणापेक्षा हट्ट जास्त दिसतो. रंगमंचावर खोटं काही नको, हा हट्ट. जो स्वतः मुळापासून खोटी बाई होता, त्याला दागिना मात्र खरा हवा होता.

मग वारं फिरलं. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. त्यात हरिश्चंद्र कोण? गोविंदराव टेंबे, गंधर्व मंडळीतले जुने भागीदार. आणि तारामती? दुर्गा खोटे. घरंदाज, शिकलेली, खरी बाई. पुढच्याच वर्षी 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक रंगमंचावर उभ्या राहिल्या. पिटातून तीस हात लांब दिसणारी रुक्मिणी प्रेक्षकांच्या मनात पुरी होत असे. उरलेलं रंगकाम ते स्वतः करत. कॅमेरा चेहऱ्याजवळ येऊन थांबतो, तो प्रेक्षकाला काही करायला ठेवतच नाही. त्यात नारायणराव पंचेचाळिशीच्या घरात आलेले, अंग सुटलेलं.

त्यांनी प्रभात फिल्म कंपनीशी करार केला. १९३५ मध्ये व्ही. शांताराम यांचा 'धर्मात्मा' पडद्यावर आला. चित्रपटाचं आधीचं नाव 'महात्मा', पण सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले, म्हणून बदलावं लागलं. बालगंधर्व त्यात संत एकनाथ झाले होते. पुरुषाच्या वेशात! लोकांना ते पटेना. पुढे त्यांचं आणि प्रभातचं जमलं नाही, जोडी एका चित्रपटातच संपली. पण या एकनाथाची गंमत ध्यानात ठेवा. जातपात न मानणारा, अस्पृश्य ठरवलेल्यांच्या घरी जेवणारा संत. नट पटला नाही, तरी पडद्यावरच्या त्या एकनाथाला प्रेक्षकांनी हात जोडले.

आता तबकडीकडे येऊ. विजापूर भागातल्या बिळगीची एक गायिका बालगंधर्वांच्या गाण्याने वेडी झाली होती. गोहरबाई कर्नाटकी. (कलकत्त्याच्या गायिका गौहर जान त्या वेगळ्या, नावात घोळ करू नका. या गोहरबाईंची बहीण म्हणजे हिंदी चित्रपटांत गाजलेल्या अमीरबाई कर्नाटकी.) त्यांनी ते गाणं इतकं आत्मसात केलं की त्यांच्या स्वतःच्या तबकड्या निघाल्या त्या बालगंधर्वांच्या वळणाच्या. एका स्नेह्याकडे मी अशी एक तबकडी ऐकली आहे. नाव न सांगता त्याने सुई टेकवली आणि पहिल्या ओळीला मी बेधडक 'नारायणराव' म्हणून मोकळा झालो.

जरा थांबून हे नीट बघू या. एक पुरुष बायकांकडे पाहून बाई झाला. त्याचा आवाज लाखेत कोरला गेला. तो ऐकून एक बाई त्या पुरुषासारखी गाऊ लागली, म्हणजे पुरुषाने रंगवलेल्या बाईसारखी. आणि १९३८ च्या सुमारास ती गंधर्व मंडळीत आली आणि त्याच्याच नायिका करू लागली! गुरू कधी समोर नसताना, केवळ फिरणाऱ्या तबकडीतून एक गायकी एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात उतरली. आज आपण मोबाइलवर बघून गाणं शिकतो त्याच्या कितीतरी आधी.

लोकांनी याचं कौतुक करायला हवं होतं. लोक खवळले. नारायणराव आणि गोहरबाई यांचा संबंध लपून राहिला नाही. तिने त्यांना नादी लावलं, जादूटोणा केला, इथपर्यंत कुजबुज गेली. जवळची माणसं दुरावली, भाऊ वेगळा झाला, ओळखीच्या घरांची दारं बंद झाली. एकनाथाला नमस्कार करणाऱ्या लोकांना घरात मुसलमान बाई आणणारा नारायण राजहंस चालेना.

नुसता धर्म म्हणून हे उलगडत नाही, असं मला वाटतं. त्या काळचे मोठमोठे गवय्ये, तबलजी, सारंगिये मुसलमान होते आणि त्यांना डोक्यावर घेतलं जाई. थिरकवा आणि कादरबक्ष याच कंपनीत मानाने नांदले. आणि घराबाहेर संबंध असणारे पुरुष त्या समाजात काय थोडे होते? त्यांच्याकडे काणाडोळा केला जाई. मग यांच्याच बाबतीत एवढं का लागलं? कारण नारायणराव लोकांच्या मनात नुसते पुरुष नव्हतेच. पंचवीस-तीस वर्षं ते घराघरातली सुभद्रा, रुक्मिणी, सिंधू होते. मार खाऊनही नवऱ्याला देव मानणारी सिंधू! पुरुष घसरला तर लोक हसून सोडून देतात. सिंधू घसरलेली त्यांना सोसवेना. बाईचा वेश ज्याने इतका चोख उभा केला, त्याच्यावर लोकांनी बाईचेच नियम लावले. नथीबरोबर तेही अंगाला चिकटलेले होते, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, बहुधा त्यांच्याही नाही.

पहिल्या पत्नी लक्ष्मीबाई १९४० मध्ये गेल्या. १९५१ मध्ये नारायणरावांनी गोहरबाईंशी लग्न केलं. पुढे पाय गेले. ज्या चालीची बायकांनी नक्कल केली, ती चालच उरली नाही. बसल्या जागी भजनं गायची. गोहरबाई त्यांच्या आधी गेल्या. सरकारला मात्र आठवण होती. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ मध्ये पद्मभूषण. १५ जुलै १९६७ ला ते गेले.

सूर मात्र कुठे गेला नाही. आज नाट्यगीत गाणारा कुणीही, बाई असो की पुरुष, शब्दावर थोडा जास्त रेंगाळला, समेला उशिरा पण नेमका पोचला, की जाणकार एकमेकांकडे बघतात.

पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला ऑक्टोबर १९६२ मध्ये त्यांच्याच हातून बसली. २६ जून १९६८ ला, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, रंगमंदिर उघडलं, तेव्हा ते नव्हते. तिथे गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन तैलचित्रं आहेत, एक स्त्रीवेशातलं, एक पुरुषवेशातलं. मध्यंतरात चहा-वड्याकडे निघालेली माणसं पहिल्यापाशी जरा थबकतात, बरोबरच्या पोरांना नाव सांगतात. दुसऱ्याकडे बघून कुणीतरी हटकून विचारतं, हे कोण?