लेकरांना चूक-बरोबर कधी आणि कसे कळते?

या पानावर आपण लसीकरण, रक्तक्षय, मुलींची पाळी असे विषय घेत आलो. पण मूल वाढते म्हणजे त्याचे वजन-उंचीच वाढते असे नाही. विचार करण्याची ताकदही वाढते, आणि तिचेही टप्पे असतात. ते माहीत नसले की घरात उगाच मारझोड होते.

वस्तीत फिरताना आया नेहमी विचारतात, “सिस्टर, चार वर्षांचं पोरगं आत्ताच खोटं बोलतंय, पुढं कसं व्हायचं?” तोंडाला गूळ लागलेला असतो आणि पोरगं म्हणते, “मी नाही खाल्ला.” माझे उत्तर असते, घाबरू नका, त्याचा मेंदू वेळेवर वाढतो आहे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला वाटते, जे मला माहीत तेच आईलाही माहीत. साडेतीन-चारच्या सुमारास त्याला कळते की माझ्या मनात एक आणि आईच्या मनात दुसरे असू शकते. खोटे बोलायला आणि दुसऱ्याचे दुःख ओळखायला हीच समज लागते. म्हणून या वयात खोटे बोलल्यावर फटका नको, “गूळ पाहिजे असला तर माग” एवढे पुरते.

चांगुलपणाची सुरुवात तर त्याही आधी होते. जर्मनीतल्या संशोधकांनी २००६ साली दीड वर्षाच्या मुलांसमोर मुद्दाम वस्तू खाली पाडल्या आणि हात पुरत नसल्यासारखे केले. बहुतेक मुलांनी न सांगता, बक्षीस न देता वस्तू उचलून दिली. मूल मुळात वाईट असते, त्याला वळण मारूनच लावावे लागते, ही समजूत म्हणून टिकत नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलाचा हिशेब मात्र वेगळा असतो. ज्यां पियाजे या स्विस संशोधकाने १९३२ च्या पुस्तकात मुलांना सांगितलेल्या दोन गोष्टी दिल्या आहेत. एका मुलाने दार उघडले, मागे ठेवलेले १५ कप धक्का लागून फुटले, त्याला माहीतही नव्हते. दुसरा चोरून मुरंबा काढायला चढला आणि एक कप फुटला. जास्त चुकीचा कोण? लहान मुले बहुधा म्हणत, १५ फोडणारा. नऊ-दहा वर्षांची मुले म्हणत, चोरून काढणारा, कारण त्याचा इरादा खोटा. पुढच्या संशोधनात दिसले की इरादा नीट उलगडून सांगितला तर चार-पाच वर्षांच्या मुलालाही तो कळतो. आपण तो कधी सांगतो का? घरात कपबशी फुटली की किती रुपयांची होती यावरच फटका पडतो. मग मूल शिकते की नुकसान मोठे तर गुन्हा मोठा, मनात काय होते याला किंमत नाही.

आता यातला आपल्या समाजासाठी सर्वात महत्त्वाचा भाग. एलियट ट्युरिएल नावाच्या अमेरिकन संशोधकाने मुलांना दोन तऱ्हेचे प्रश्न विचारले. तुम्हीही घरी विचारून बघा. “बाईंनी सांगितलं की उद्या गणवेश घालू नका, तर चालेल का?” मूल म्हणेल, चालेल. “बाईंनी सांगितलं की शेजारच्या पोराला ढकलून द्या, तर चालेल का?” चार-पाच वर्षांचे बहुतेक मूल म्हणते, नाही, त्याला लागेल. म्हणजे माणसांनी ठरवलेला रिवाज एक आणि दुसऱ्याला इजा करू नये हे दुसरे, हा फरक एवढ्याशा लेकरालाही कळतो. गुंता तेव्हा होतो जेव्हा मोठी माणसे रिवाजालाच धर्म म्हणून शिकवतात.

याचा दाखला बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. शाळेत ते घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. १९०१ साली, नऊ-दहा वर्षांच्या वयात, ते भाऊ आणि बहिणीच्या मुलांसोबत साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर जात कळल्यावर कोणी गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन एक गाडी ठरली, तीही मुलांनीच हाकायची. सोबत खायला भरपूर होते, पण पाणी कोणी देईना, म्हणून सगळी उपाशी झोपली. बाबासाहेब लिहितात की त्याआधी अस्पृश्यता त्यांनाही नेहमीची, चालत आलेली गोष्ट वाटे. या प्रवासाने धक्का दिला आणि त्यावर विचार करायला लावले. हेच ते वय आहे. सात-आठ वर्षांपर्यंत मूल नियम पावसा-उन्हासारखा मानते. नऊ-दहाला त्याला दिसू लागते की नियम माणसांनी केला आहे, तर तो बरोबर की चूक हे विचारता येते. आपले पोर या वयात “पण का?” म्हणून डोके खाते तेव्हा त्याला गप्प करू नका.

पुढचा टप्पा तेरा-चौदाचा. तेव्हा मूल स्वतःच्या अनुभवावरून सगळ्यांसाठी न्याय काय, इथवर पोचू शकते. १८५५ साली पुण्यात फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने साधारण याच वयात लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. वेद जर ठरावीक लोकांचाच, आम्ही तो बघायचाही नाही, तर आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. त्यातच तिने लिहिले आहे की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसते. बाळंतपणाच्या खोलीत बरीच वर्षे काढलेली मी, दर वेळी तिथेच थांबते. तिला इतकी तर्कशक्ती आली कुठून? मला वाटते, शाळा मिळाली आणि प्रश्न विचारला म्हणून कोणी मारले नाही, म्हणून.

अमेरिकेतल्या लॉरेन्स कोलबर्गने १९५८ च्या अभ्यासात या वाढीच्या पायऱ्या मांडल्या, पण तपासले ते फक्त मुलगे. कॅरोल गिलिगन या बाईंनी १९८२ साली त्यावर बोट ठेवले: न्यायाच्या तर्काबरोबर दुसऱ्याची काळजी घेणे हीदेखील नैतिक समजच आहे. आपल्याकडे हे पटायला पुस्तक लागत नाही. मंठा, घनसावंगी, अंबड भागातून आईबाप कोयता घेऊन उसाला जातात, मागे आजीजवळ राहिलेली अकरा वर्षांची पोरगी धाकट्यांचे खाणे, ताप, शाळा सांभाळते. तिला जबाबदारी कळते, यात शंका नाही. पण ते ओझे तिची शाळा सोडवून टाकायचे नाही, हे बापाने ध्यानात घ्यावे. हंगामी वसतिगृहाची चौकशी ऑक्टोबरच्या आधी शाळेत करा.

मारण्याबद्दल. मारले की मूल शिकते ते एवढेच: सापडायचे नाही. “पोलीस येईल”, “देव डोळे फोडील” या धमक्यांचेही तेच. शाळेतल्या मारहाणीला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, ती घरातही लागू समजा.

नुसत्या आज्ञाधारकपणाचा आणखी एक धोका आहे, त्यावर आपण कमी बोलतो. “मोठ्यांनी सांगितलं की ऐकायचं” एवढेच शिकलेले मूल, एखाद्या मोठ्याने वाईट हात लावला, “कोणाला सांगू नको” म्हटले, तर तेही ऐकते. असा हात लावणारा बहुतेक वेळा ओळखीचा, कधी घरातलाच असतो. म्हणून मुलामुलींना चार वर्षांपासून सांगा: अंगाला नको तिथे हात लावणाऱ्याचे ऐकायचे नाही, मग तो काका असो, मामा असो, मास्तर असो, आणि लगेच घरी सांगायचे. सांगितले तर आधी विश्वास ठेवा. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन आहे, आणि २०१२ चा पोक्सो कायदा पाठीशी आहे.

समजावून शिकवायचे कसे, हे बुद्धांनी राहुलला दाखवले आहे. अट्ठकथा राहुलचे वय सात सांगतात. विषय खोटे बोलण्याचाच. भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवले, ते ओतून टाकले, भांडे उपडे केले, प्रत्येक वेळी राहुलला प्रश्न विचारला. मग विचारले, आरसा कशासाठी? बघण्यासाठी. तसे काम करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर बघायचे: याने मला, दुसऱ्याला, दोघांना दुःख होते का? सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात नाव घेऊन वाचायला सांगितलेल्या उपदेशांत हा आहे. सात वर्षांच्या मुलाला पेलेल अशी वस्तू हातात, आणि उत्तर त्याच्याच तोंडून. पंचशीलातही प्रत्येक शील ‘सिक्खापद’ आहे, म्हणजे आपण होऊन घेतलेला शिकण्याचा नियम. विहारात मुलांकडून पाठ करून घेतो, तेव्हा एकेका शीलावर दोन प्रश्नही विचारा.

वयात आलेल्या पोरांचे वेगळे. कपाळामागचा, आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. एकटा असताना शहाणे बोलणारा पंधरा वर्षांचा मुलगा मित्रांत गेला की पुडी खातो, गाडी सुसाट पळवतो. तो ढोंगी नसतो, त्या वेळी त्याचा ब्रेक कच्चा असतो. त्याला भाषण देण्यापेक्षा आधीच ठरवून द्या: “मित्रांनी आग्रह केला तर काय म्हणशील?” आणि गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असताना आठ वर्षांच्या पोराला पुडी किंवा दारू आणायला पाठवणाऱ्या बापांनी सकाळी त्याच पोराकडून पाचवे शील म्हणून घेऊ नये. मूल दोन्ही बघते, आणि लक्षात ठेवते ते पुडी आणायला गेलेले.

एक मूल सतत जनावरांना छळते, धाकट्यांना मुद्दाम जखमा करते, किंवा आठ-नऊ वर्षांचे होऊनही दुसऱ्याच्या रडण्याने हलत नाही, असे महिनोन्‌महिने दिसले तर त्याला बदमाश ठरवू नका. कधी ऐकू कमी येते, कधी समज मागे असते, कधी त्यालाच कोणी छळत असते. बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. आशाताईंकडून तारीख विचारून घ्या, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि जमले तर तुम्हीही सोबत जा.